नळकाकांचा उलटा हात

नळकाका कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नसत, नळाला भेटत. दारात चपला काढायच्या, हातातली प्लॅस्टिकची पिशवी उघडून रबरी स्लिपर काढायच्या, त्या पायांत सरकवून थेट स्वयंपाकघरात शिरायचं आणि सिंकच्या नळाला उजव्या हाताची उलटी बाजू लावायची. तापलेल्या पोराच्या गालाला बोटांची पाठ लावून बघतो ना, अगदी तशी. डोळे मिटलेले. दोन श्वास. मग मागे वळून, इतका वेळ घरात कोणी नव्हतंच अशा थाटात, "हां. नमस्कार वहिनी. चहात साखर नको."

सिंगापुरातल्या आमच्या मराठी गोतावळ्यातल्या पोरांनी त्यांचं नाव नळकाका ठेवलं होतं. खरं आडनाव सुर्वे. मूळचे देवगडकडचे. बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं, मग काही वर्षं हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत, आणि निवृत्तीनंतर सरकारी इमारतीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. लोक त्यांना बोलवत, कारण ते फुकटात फ्यूज बघून देत. आणि बोलावल्याचा पश्चात्तापही करत, कारण देवाच्या खोलीतसुद्धा ते स्लिपर काढत नसत.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि माझ्याइतकी शहाणी बाई दुसरी नाही अशी माझी पक्की समजूत होती. पुण्यात तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. सगळे मला बाईच म्हणत, माझा नवरासुद्धा कधीकधी. तो नवरा आठ महिन्यांपूर्वी गेला होता, आणि मुलगा निखिल मला त्याच्याकडे सिंगापूरला घेऊन आला होता. त्या काळातल्या मला मी आज रस्त्यात भेटले तर नमस्कार न करता पुढे जाईन.

घर जुनं होतं. ईस्ट कोस्टच्या मागच्या एका गल्लीत एकमेकांना चिकटून उभी असलेली दुमजली घरं, त्यांतलं एक भाड्यानं घेतलेलं. कॉन्डोतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून हे घेतलं ते सुनेच्या, केतकीच्या हट्टापायी. "सईच्या पायाखाली थोडी तरी माती असू दे," असं तिचं म्हणणं. घरापुढे सतरंजीएवढी माती होती खरी. आम्ही राहायला यायच्या आधी मालकिणीनं पाण्याच्या गंजक्या नळ्या काढून नव्या घातल्या होत्या. पाणी आरशासारखं येई.

त्या नळाची पहिली टिचकी मला ऑगस्टमध्ये बसली. संध्याकाळचे सात. सिंगापुरात बारा महिने सातलाच अंधार पडतो, कोणीतरी घड्याळ बघून पडदा ओढावा तसा. निखिल आणि केतकी पाया लेबारच्या ऑफिसातून आठशिवाय उगवत नसत. घरात मी आणि सहा वर्षांची सई. पावणेसातला मी तिच्या आंघोळीसाठी गीझर लावला आणि तांदूळ धुवायला सिंकपाशी उभी राहिले, ओल्या फरशीवर अनवाणी. नळाला हात लागला आणि बोटाच्या पेरावर, टिक्.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या ह्यांची एक सवय होती. सातच्या बातम्या लागल्या की ते चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात येत आणि जाता जाता माझ्या बोटाच्या पेरावर टिचकी मारत. बोलत काही नसत. मी "अहो!" म्हणत असे. एवढंच. पण लग्न झाल्यापासून रोज.

एखाद्या समंजस बाईनं इलेक्ट्रिशियन बोलावला असता. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं काय केलं? ती नळाकडे बघून हळूच म्हणाली, "आलात?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळी नळ चाचपला. गप्प. दुपारी, गप्प. संध्याकाळी सातला, टिक्. तिसऱ्या दिवशीही तसंच. पद्धत अगदी शास्त्रीय होती हो: निरीक्षण, पुनरावृत्ती, पडताळा. फक्त निष्कर्षाच्या जागी नवरा होता. गीझरचं बटण रोज पावणेसातला मी स्वतःच दाबतेय, हे त्या शास्त्रज्ञ बाईच्या ध्यानातच आलं नाही. त्यात तो महिना असा, की शेजारचे चिनी आजोबा रोज तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या डब्यात कागद जाळत बसायचे. निखिल म्हणाला, "आई, हा यांचा पितृपक्ष. गेलेली माणसं या महिन्यात घरी येतात म्हणे." झालं! मला आणखी कुठला पुरावा हवा होता? मी साडेसहाला तोंड धुऊन, पावडर लावून, इस्त्रीची साडी नेसायला लागले. तांदूळ धुवायला.

अशा दिवसांत एका रविवारी सकाळी निखिल नळकाकांना घेऊन आला. गणपतीच्या मीटिंगमध्ये ओळख झाली होती. त्यांनी स्लिपर घातल्या, माझ्या नळाला उलटा हात लावला, आणि मला ते खपलं नाही. एक तर तो नळ माझा होता. दुसरं म्हणजे, उलट्या हातानं वाढू नये, पाणी घालू नये, ते पितरांचं, असं माझ्या सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. या माणसाला कसं कळलं इथे कोणाला हात लावायचाय ते?

नळ गप्प होता. सकाळच होती ना. नळकाका बाहेर गेले, मातीच्या तुकड्यापाशी वाकून भिंतीतून निघालेली नळी बघून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घराला अर्थ नाही."

आठ महिन्यांची विधवा, परक्या देशात, आणि पहिल्या भेटीत हे! मी ताडकन म्हणाले, "आणि तुमच्या घराला आहे वाटतं?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "नव्हता," म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

त्या 'नव्हता'कडे माझं लक्षच गेलं नाही. निखिल घाईघाईनं मध्ये पडला. "आई, अर्थ म्हणजे अर्थिंग गं!"

"कळतं मला," मी म्हणाले. "भूसंपर्कन. दहावीला शिकवलंय मी."

"भूसंपर्कन!" नळकाका हसले. "वा! ऐकायला भुताशी संपर्क वाटतो."

मी किटली खाली ठेवली. ते सईला समजावायच्या निमित्तानं मलाच सांगत होते. "बघ बाय, करंटाला घर नसतं. तो सारखा जमिनीत जायला बघतो. जुन्या घरांत त्याची वाट पाण्याच्या लोखंडी नळीतून होती. फ्रिज, गीझर, कशातूनही चुकून बाहेर आला की नळी धरून जमिनीत गुडूप. आता रस्त्याकडची नळी प्लॅस्टिकची झाली. प्लॅस्टिकमधून पाणी जातं, तो जात नाही. पण पाणी आलं की सगळ्यांना वाटतं, काम झालं."

"व्हाय यू टच लाइक दॅट?" सईनं आपला हात उलटा करून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"सुलटा हात लावला आणि झटका बसला, तर मूठ मिटते. मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. उलटा असला तर हात मागे येतो. सुलटा धरतो, उलटा सोडतो." मग बोट उगारून, "पण तू नाही करायचं हां. मी येडा आहे म्हणून करतो. शहाण्यांसाठी टेस्टर असतो."

जाताना निखिलला म्हणाले, "मालकिणीला सांगून अर्थ करून घे. आणि मी एकदा संध्याकाळी येतो, घरात सगळं चालू असताना."

संध्याकाळी! मी तीन वेळा त्यांना परतवलं. एकदा माझं डोकं दुखत होतं, एकदा उपास होता, आणि एकदा तर मी चक्क म्हणाले की संध्याकाळी माझी जपाची वेळ असते. निखिलला सांगितलं, "मालकिणीला कशाला त्रास देतोस? म्हाताऱ्याला एकटेपणानं भ्रम झालाय." भ्रम झालाय, असं कोण म्हणत होतं बघा. निखिल कामात बुडालेला. विषय मागे पडला.

इकडे टिचकी वाढत चालली. आधी पेरावर होती, मग मनगटापर्यंत, सप्टेंबर संपता संपता कोपरापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. मला भीती वाटली? छे. मला वाटलं, ते जवळ येतायत.

एका संध्याकाळी अंग पुसताना सई म्हणाली, "आजी, द टॅप बाइट मी."

"कुठला?"

"बाथरूमचा लाह," इथल्या पोरांचं शेपूट वाक्याला लावून ती म्हणाली. "एव्हरी डे."

हे पुढचं वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलंय, पण आता राहू देते. मला आधी मत्सर वाटला. तिलाही का, असं वाटलं. मग मी माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या कानात सांगितलं, "आजोबा आहेत ते. आईबाबांना सांगायचं नाही हं."

तिनं डोळे मोठ्ठे केले आणि मान डोलवली.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, सातला दहा-एक मिनिटं असतील, बेल वाजली. दारात नळकाका. "बोलावलं नाहीत, तरी आलो," म्हणाले. "दुपारपासून तुमचं घर डोक्यातून जात नाही." गल्लीत अंधार उतरत होता. सई वर बाथरूममध्ये बादली वाजवत होती. मी दारात आडवी उभी राहिले, पण त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "अनवाणी?" एवढंच म्हणाले आणि मला वळसा घालून आत गेले. स्लिपर. नळ. उलटा हात.

आणि तो हात कोणीतरी झिडकारावा तसा मागे आला.

स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. ते पाठमोरे उभे होते, डोळे मिटलेले असावेत. तसेच, न वळता, हलक्या आवाजात म्हणाले, "कधीपासून आहे हा इथे?"

मी लपवू शकले असते. पण कोणाला तरी सांगायचंच होतं मला. "दोन महिने."

"रोज येतो?"

"रोज. सातला."

"आणि वाढतोय."

"हो," मी म्हणाले. "जवळ येतायत."

ते थांबले. मग म्हणाले, "अडकलाय तो, बाई. त्याला जमिनीत जायचंय, आणि आपण त्याची वाट बंद केलीय. वाट मिळाली नाही, की तो माणसातून जातो."

आणि हे ऐकूनही मी काय बोलले? "राहू दे ना त्यांना. मला नाही त्यांचा त्रास."

आता मात्र ते वळले. "त्यांचा? कोणाचा?"

तेवढ्यात वरून सईचा आवाज आला. खुशीत होती. "आजी! आय से हॅलो टू आजोबा फर्स्ट, आ?"

नळकाका पळाले. बहात्तर वर्षांचा तो माणूस इतका जोरात पळाला की एक स्लिपर मागे राहिली. आणि जिन्याकडे नाही, उलट दिशेला, बाहेरच्या दाराकडे. मला वाटलं, घाबरून पळून चालला. मग दारामागच्या विजेच्या पेटीचं झाकण आपटलं, आणि खट्.

सगळं घर एकदम विझलं. फ्रिजची घरघर थांबली. पंखा आपल्याच आवाजात मंदावत गेला. तोपर्यंत घराला एवढे आवाज आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. त्या शांततेत फक्त नळ ठिबकत होता. शेजारच्या आजोबांचा तो महिना संपला तरी त्यांचा डबा पेटायचाच; बाहेर त्यातल्या कागदाची ज्वाळा उंच झाली असावी, कारण भिंतीवर आमच्या दोघांच्या सावल्या हलल्या.

"सई!" नळकाका ओरडले. "जागची हलू नको!"

वरून काही आवाज नाही. मी जिना कसा चढले ते मला आजही आठवत नाही. अर्ध्यावर असताना तिचा आवाज आला, बारीक, जरासा रुसलेला.

"आजी... आजोबा गो ऑलरेडी, आ?"

बाथरूमच्या झरोक्यातून जेमतेम उजेड येत होता. ओल्या फरशीवर माझी नात उभी होती, हात पुढे केलेला, नळापासून दोन बोटांवर. हात सुलटा होता. कोणाचं तरी बोट धरायला लहान मुलं करतात तसा.

तिला टॉवेलात गुंडाळून मी खाली आले तेव्हा नळकाका पुढच्या पायरीवर बसले होते, एक पाय अनवाणी, मातीवर. मी शेजारी बसले. मग, माझ्याकडे न बघता, "आमचं पण असंच घर होतं. जुनं. नळाला लाल पाणी यायचं. माझी बायको, विमल, म्हणायची, तुमचे सफेद शर्ट पिवळे होतात. बोटीवर जायच्या आदल्या दिवशी मी प्लंबर आणला. मी, बाई. बोटीवरचा एकेक अर्थ रोज तपासून सही करणारा मी. त्याला सांगितलं, गंजकी नळी काढ, प्लॅस्टिकची घाल."

इथे त्यांचं पुस्तकी मराठी सुटलं आणि आवाज देवगडला गेला. "पाणी इला. सवच्छ. विमल हसली. माका वाटला, काम झाला."

सई माझ्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

"शेजारीण म्हणाली, नळ धरूनच होती. हात सोडवता येत नव्हता."

मग मी त्यांना माझं सांगितलं. सात वाजता काय होतं ते, साडीचं, पावडरीचं, सईच्या कानात सांगितलेलं वाक्य, सगळं. जगात हे मी एकाच माणसाला सांगितलं आणि तो हसला नाही. फक्त विचारलं, "टिचकी कुठे मारायचे?" मी बोटाचं पेर दाखवलं. त्यांनी अंधारात मान हलवली, जणू ही माहिती दुरुस्तीला लागणार होती.

रात्री निखिल-केतकीला त्यांनी फक्त गीझर बिघडल्याचं आणि घराला अर्थ नसल्याचं सांगितलं. माझ्याबद्दल अक्षर काढलं नाही. सईनंही काढलं नाही, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते परवानेवाला इलेक्ट्रिशियन घेऊन आले. गीझर उतरला, दारामागच्या पेटीत चटकन पडणारा नवा स्विच बसला, आणि केतकीच्या हट्टाच्या त्या सतरंजीएवढ्या मातीत तांब्याची एक लांब कांब ठोकायला सुरुवात झाली. घण पडत होता आणि कांब इंचाइंचानं जमिनीत जात होती. मी आतून बघत होते. शेवटी वीतभर उरली तेव्हा नळकाकांनी हाक मारली. "बाई, पाणी आणा. माती ओली लागते. तुम्हीच घाला."

मी तांब्या घेऊन गेले. घालताना माझा हात आपोआप वळला. उलटा झाला. पाणी अंगठ्यावरून त्या कांबेवर पडलं आणि माती ते पीत राहिली. नळकाकांनी पाहिलं. इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "थांब दोन मिनिटं." आणि तांब्या रिकामा होईपर्यंत घण खालीच राहिला.

"आता घराला अर्थ आला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी नवा गीझर लावून मी सातला नळाला हात लावला. नुसतं गार लोखंड. मी बराच वेळ उभी होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, नळ?"

"गप्प."

"छान," म्हणाले आणि ठेवला.

तेव्हापासून रोज सातला तो फोन. चार शब्दांचं संभाषण, वर्षानुवर्षं. मी पुण्याला गेले तरी यायचा. निखिलनं ते घर सोडून कॉन्डो घेतला, जिथे अर्थाची काळजी करायला एक अख्खं ऑफिस होतं, तरी यायचा. "बाई, नळ?" "गप्प." "छान." केतकी गालातल्या गालात हसायची. हसू दे. माझ्या दिवसाचा सात वाजताचा कोपरा रिकामा राहू नये एवढी व्यवस्था त्या माणसानं करून ठेवली होती, आणि तिला दुरुस्तीचं नाव दिलं होतं.

रविवारी आम्ही ईस्ट कोस्टच्या बागेत फिरायला जायचो. तिथल्या पाणी प्यायच्या नळालाही ते उलटा हात लावून बघत. मी म्हणायची, "भाऊ, हा दगडी खांबावरचा नळ, याला कुठली आलीय वीज?" ते म्हणत, "विचारायला काय जातं? न विचारता हात धरू नये कोणाचा." त्यांच्या फ्लॅटवर मी बऱ्याचदा गेले. एकट्या पुरुषाच्या मानानं घर लख्ख. आतल्या खोलीचं दार मात्र कायम लावलेलं. एकदा मी मुद्दाम मुठीला हात घातला, मेली खोड, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाई, तिथे लाइट नाही." मी हात काढून घेतला. दाराखालच्या फटीतून तर उजेड दिसत होता.

एका मंगळवारी सातला फोन वाजला नाही.

मी सव्वासातपर्यंत थांबले. मग निखिलला कामावरून बोलावून घेतलं. जादा किल्ली आमच्याकडे असायची. मी रबरी स्लिपर पिशवीत घातल्या, का ते विचारू नका, आणि आम्ही गेलो. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. त्या दिवशी आतलं दार उघडं होतं.

खोलीत एक खुर्ची, आणि खुर्चीसमोर भिंतीवर, कमरेच्या उंचीला, लाकडी फळीवर ठोकलेला एक जुना पितळी नळ. त्याला मागे नळी नव्हती. खाली सिंक नव्हतं. नुसता नळ. खुर्चीत नळकाका. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय, दुपारीच, कळलंही नसेल. मान कलली होती. उजवा हात मांडीवर होता आणि मूठ मिटलेली होती, आत काहीतरी असल्यासारखी. आत काही नव्हतं.

निखिल फोन करायला बाहेर गेला, तेव्हा मी तो नळ जवळून पाहिला. पितळ वर्षानुवर्षं न घासल्यासारखं काळपट, हिरवट पडलं होतं. फक्त नळाच्या मानेवर, जिथे तळवा आणि चार बोटं वळून बसतात, तेवढाच भाग सोन्यासारखा झिजून चमकत होता.

अख्ख्या सिंगापुराला उलटा हात शिकवणाऱ्या माणसाची ती खूण होती.

मुंबईहून त्यांचा पुतण्या आला. बिचारा चांगला पोरगा. सामान आवरताना त्यानं विचारलं, "मावशी, हा काकांच्या जुन्या घरातला नळ ना? भंगारात देऊ?"

"माझ्याकडे दे," मी म्हणाले.

आता तो माझ्या खोलीत आहे. निखिलनं भिंतीला ठोकून दिला, का म्हणून विचारलं नाही. सई माझ्यापेक्षा उंच झालीय. ती म्हणते, "आजी, सो क्रीपी लाह, थ्रो इट." ती त्या नळाकडे पाठ करून बसत नाही. आजोबांना हॅलो म्हणायला निघालेली ती संध्याकाळ तिला आठवते की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

सात वाजतात. अंधार पडतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते, पायांत स्लिपर घालून, आणि बोटांची पाठ त्या चमकणाऱ्या जागेला लावते. दोन श्वास. कशालाच जोडलेला नसलेला नळ तो, त्यात काय असणार? गप्प असतो. "छान," असं मीच म्हणते आणि हात मागे घेते.

कधीकधी वाटतं, एकदाच तळवा लावून बघावा. कसा बसतो ते.

अजून तरी उलटाच लावते.